‘त्या साईडचा रेट’ कोण ठरवतो?



आमच्या मामांनी आयुष्यात दोन वस्तू विकल्या होत्या. एक जुनी सायकल आणि दरवर्षीचं धान. मागच्या वर्षी जानेवारीत ते सकाळीच वडशाच्या माझ्या घरी आले आणि म्हणाले, “नागपूरचा फ्लॅट काढायचा आहे. भाव कसा लावतात, तुला माहीत आहे का?” मला माहीत नव्हतं. माझ्या वडिलांनाही माहीत नव्हतं. आजोबांचा तर प्रश्नच नाही, त्यांच्या नावावर विकायला काही नव्हतंच.

गोष्ट इथूनच सुरू होते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ ला आपल्या लोकांनी भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. जमीन मागायची कशी हे आपण चळवळीत शिकलो. मालमत्ता विकायची कशी हे मात्र आपल्या घरात कुणी कुणाला शिकवलेलं नाही, कारण विकण्याजोगी मालमत्ता हातात येणारी ही पहिलीच पिढी. ज्यांच्या घरात तीन पिढ्यांपासून वाडे आणि प्लॉट आहेत, त्यांच्या पोरांना जेवणाच्या ताटावर हे ज्ञान मिळतं. आपल्याला ते दलालाकडून मिळतं, आणि दलाल ते फुकट देत नाही.

मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त गुरुजी. मुलांच्या शिक्षणासाठी २००३ च्या हिवाळ्यात त्यांनी उत्तर नागपुरात, कामठी रोडच्या बाजूला, दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. सगळा खर्च धरून सहा लाख चाळीस हजार, त्यात चार लाखांचं कर्ज. मोठा मुलगा तिथे राहून इंजिनीअर झाला आणि पुण्याला गेला. धाकटी शिकली, तिला परदेशातल्या विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळाला. सरकारी शिष्यवृत्तीच्या जागा किती आणि अर्ज किती हे वाचकांना सांगायला नको. तिचं नाव यादीत आलं नाही. जुलैपर्यंत पैसे भरायचे होते. म्हणून फ्लॅट.

चळवळीतल्या एका मित्राने हे ऐकून नाक मुरडलं. शहरात कष्टाने घेतलेलं घर विकायचं म्हणजे मागे जाणं, असं त्याचं म्हणणं. त्याला मी एवढंच सांगितलं की बाबासाहेबांनी मुंबईत राजगृहाबरोबर ‘चार मिनार’ नावाची दुसरी इमारतही बांधली होती आणि १९४१ साली ती विकली. राजगृह आणि त्यातली ग्रंथसंपदा राखली. घर विकण्यात कमीपणा नाही. कमी भावात विकलं जाण्यात मात्र आहे, आणि तो कमीपणा विकणाऱ्याचा नसतो.

पहिला दलाल मामांना वडशातल्याच एका ओळखीच्या माणसाने दिला. नागपूरला त्याच्या ऑफिसात आम्ही बसलो. मामांनी पहिल्या पाच मिनिटांत सगळं सांगून टाकलं: मुलीचा प्रवेश, जुलैची तारीख, कर्ज फिटल्याची हकिकत. शिक्षक माणूस, प्रश्न विचारला की पूर्ण उत्तर देणारच. दलालाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “गुरुजी, त्या साईडला एकोणीसच्या वर नाही जाणार. तिकडचा रेटच तो आहे.”

मामांच्या मनातला आकडा पस्तीस लाखांचा होता. तो त्यांनी मोबाईलवरच्या एका नव्या स्कीमच्या जाहिरातीवरून काढला होता. म्हणजे एकाच टेबलावर दोन आकडे होते आणि दोन्ही हवेतले. हे प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे, कारण आपल्यावर अन्याय होतो हे खरं असलं तरी आपला प्रत्येक अंदाज त्यामुळे बरोबर ठरत नाही. नव्या स्कीममध्ये लिफ्ट, पार्किंग, गेटवर माणूस. मामांची इमारत बावीस वर्षांची, दुसरा मजला, लिफ्ट नाही, गाडी रस्त्यावर. शिवाय जाहिरातीतला भाव म्हणजे मागणाऱ्याची इच्छा. त्या भावाला कुणी घेतलं का, हे जाहिरात सांगत नाही.

मग खरा आकडा कुठे असतो? तो सरकारी दप्तरात असतो आणि तो पाहायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ आहे. जिल्हा, गाव किंवा मौजा, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक टाकला की झालेल्या खरेदीखतांची सूची क्रमांक दोन दिसते. लोक तिला ‘इंडेक्स टू’ म्हणतात. त्यात मोबदला किती, सरकारी बाजारभाव किती, क्षेत्रफळ किती, तारीख कोणती, सगळं असतं. मी वडशाच्या घरी बसून तीन रात्री ते चाळलं. साईट मधूनच बंद पडते, कॅप्चा चुकतो, संयम लागतो. पण मामांच्याच इमारतीतला एक आणि शेजारच्या दोन इमारतींतले दोन, असे मागच्या दोन वर्षांतले तीन व्यवहार सापडले. चोवीस, साडेचोवीस आणि सत्तावीस लाख. सत्तावीसचा फ्लॅट मोठा होता.

लक्षात घ्या, कागदावरचे हे आकडे कमीत कमी आहेत. नागपूर असो की मुंबई, काही लोक थोडी रक्कम रोखीत देऊन कागदावर कमी दाखवतात. म्हणजे खरा भाव याहून जास्त असू शकतो, कमी असण्याची शक्यता थोडी. मग एकोणीस कुठून आले? ‘त्या साईडचा रेट’ एकोणीस नव्हताच. ज्यांनी तिथे खरोखर घर घेतलं त्यांनी चोवीस मोजले होते. एकोणीस हा गरजवंत गुरुजींचा रेट होता.

दुसरी गोष्ट सरकारी दराची, म्हणजे रेडी रेकनरची. वार्षिक मूल्यदर तक्तेही त्याच संकेतस्थळावर आहेत. मामांना मी धानाच्या भाषेत समजावलं. रेडी रेकनर म्हणजे हमीभाव नव्हे. त्या भावाने सरकार तुमचं घर घेणार नाही. मुद्रांक शुल्क आकारायला तो दर आहे. बाजार त्याच्या वरही असतो, कधी खालीही. पण त्याच्या फार खाली विकलं तर आयकर खातं म्हणतं, तुला तेवढे मिळाले असंच आम्ही धरणार. दहा टक्क्यांपर्यंतच्या फरकाची सूट आहे, पुढे नाही. मामांच्या फ्लॅटचं सरकारी मूल्यांकन, इमारतीच्या वयाची घट धरून, तेवीस लाखांच्या थोडं वर निघालं. म्हणजे एकोणीसला विकला असता तर हातात एकोणीस आणि कर तेवीसवर. आणि घेणाऱ्यालाही त्या फरकावर कर. हे दलालाला माहीत नव्हतं असं मला वाटत नाही.

त्याला ते माहीत होतंच. पुढच्या भेटीत तो म्हणाला, “मग कागदावर एकवीस-बावीस दाखवू, वरचे पाहून घेऊ.” पाहून घेऊ म्हणजे रोख. इथे पोरांनो, कान उघडे ठेवा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे आणि घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. तो दंड घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला. शिवाय रोखीची रक्कम मुलीच्या फीसाठी बँकेतून परदेशी पाठवायची कशी? पिढ्यान्‌पिढ्यांचा पैसा ज्यांच्याकडे आहे त्यांना हे पचतं. गुरुजींना नाही पचणार.

आता फ्लॅटच्या मोजमापाविषयी. मामांच्या करारनाम्यात ‘८५० चौरस फूट सुपर बिल्टअप’ लिहिलं होतं. आम्ही टेप घेऊन भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं तर चटई क्षेत्र ५९० भरलं. जिना, पॅसेज, भिंतींची जाडी सगळं त्या ८५० मध्ये घुसवलेलं. २०१७ ला रेरा पूर्ण लागू झाल्यापासून नव्या स्कीममध्ये बिल्डरला चटई क्षेत्रावरच विकावं लागतं. त्यामुळे नव्या स्कीमचा चौरस फुटाचा दर आपल्या जुन्या ८५० ला लावला की आकडा फुगतो, मामांचे पस्तीस तसेच फुगले होते. उलट दलाल जुन्या इमारतीचा सुपर बिल्टअपचा दर घेतो आणि चटई क्षेत्राला गुणतो, की आकडा पडतो. दोन्हीकडे एकच माप लावा, मगच तुलना करा.

कागदपत्रांनी आमचे दोन महिने खाल्ले. नागपुरात बहुतेक जुन्या फ्लॅटचा कागद सोसायटीचा नसतो, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालचं ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ असतं आणि त्यात जमिनीतला अविभाजित हिस्सा लिहिलेला असतो. जमीन सुधार प्रन्यासच्या लीजची असेल तर भूभाटक आणि हस्तांतरणाची परवानगी लागते. गुंठेवारीतलं बांधकाम असेल तर आर.एल. म्हणजे नियमितीकरणाचं पत्र. हे पत्र नसेल तर बँक कर्ज देत नाही, कर्ज मिळालं नाही तर फक्त रोखवाला गिऱ्हाईक येतो आणि रोखवाला नेहमी भाव पाडतो. उत्तर नागपूरच्या कितीतरी ले-आउटमध्ये आपल्या लोकांनी घरं बांधली आणि आर.एल. साठी वर्षानुवर्षं खेटे घातले. तिथला भाव कमी का, याचं एक उत्तर त्या न मिळालेल्या पत्रात आहे. गटारं, रस्ते, मोकळी मैदानं यांचंही तेच. आधी नियोजनाने वस्तीला मागे ठेवायचं आणि मग बाजाराने म्हणायचं, वस्ती मागासलेली आहे म्हणून भाव नाही.

मामांचा कागद स्वच्छ होता, पण ओला होता. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तेव्हा नदीकाठच्या गावातल्या त्यांच्या घरात पाणी शिरलं आणि पेटीतली फाईल भिजली. दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढली. कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र मामांनी कधी घेतलंच नव्हतं, हप्ते संपले म्हणजे झालं असं त्यांना वाटलं. ते नव्याने मिळवलं. विकायचा विचार येण्याआधीच ही दोन कामं करून ठेवली असती तर ते दोन महिने हातात राहिले असते.

आता जे लिहिणार आहे ते लिहावं की नाही, यावर मी बराच विचार केला. मामींना विचारलं. त्या म्हणाल्या, “लिही. आमच्यावरच थोडी आली आहे ही वेळ?”

गिऱ्हाईकं यायला लागली. एक जोडपं आलं, फ्लॅट आवडला, किचनचा ओटा, उजेड, सगळं आवडलं. मग हॉलमध्ये उभं राहून त्या बाईंनी भिंतीकडे पाहिलं. तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. विचारलं, “बिल्डिंगमध्ये लोक कोणते आहेत?” मामांनी आडनावं सांगितली. ते जोडपं परत आलं नाही. दुसऱ्याने थेट वीस लाख म्हटलं आणि वर म्हणाला, “पुढे मलाही विकावा लागेल ना, तेव्हा कोण घेईल?” संध्याकाळी दलालाचा फोन: “गुरुजी, गिऱ्हाईक येईल तेव्हा फोटो काढून ठेवत जा. दोन-तीन लाख वाढतील.”

आणि मामांनी काढले. पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी दोन्ही फोटो उतरवले, धुतलेल्या टॉवेलात गुंडाळले आणि आतल्या कपाटात ठेवले. मी तिथेच होतो. मी काही बोललो नाही. फेसबुकवर मी किती बोलतो ते तुम्हाला माहीत आहे. भिंतीवर दोन फिकट चौकोन राहिले. मामी स्वयंपाकघरातून आल्या, चौकोनांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “काहून काढले? रिकाम्या भिंतीवरून नाही समजणार का त्यांना?”

त्या रविवारचा माणूस एकोणीस साडेएकोणीसवरच अडला. नळाच्या पाण्याची चौकशी करता करता त्यानेही तोच प्रश्न विचारला. दुपारी मामांनी फोटो परत लावले.

यावर कुणी म्हणेल, बाजार आहे, भावना आणू नका. ठीक, बाजाराचीच भाषा बोलू. घरभाड्याच्या बाजारात जात चालते हे सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत तपासून २०१५ ला ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त मांडलं. भाडं भरायला तयार असलेला माणूस फक्त नावावरून परतवला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ ला एका पारशी हाउसिंग सोसायटीच्या प्रकरणात सभासदत्व एका समाजापुरतं ठेवण्याचा नियम मान्य केला, म्हणजे दार लावायला काहींना कायद्याचाही आधार मिळतो. आपण घ्यायला जातो तेव्हा दार लागतं. आपण विकायला बसतो तेव्हा दार लागत नाही, भाव पडतो. दुसऱ्या प्रकारात अपमान दिसत नाही, तो आकड्यात बसतो आणि त्याला ‘लोकेशन’ हे नाव मिळतं. डिसेंबर २०२२ पासून मेट्रो इंदोरा चौक आणि नारी रोडवरून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत धावते. दुसऱ्या कुठल्या भागात मेट्रो आली की दलाल स्टेशनपासूनची मिनिटं मोजून दाखवतो. आमच्या दलालाने मेट्रोचा शब्द काढला नाही, मलाच काढावा लागला.

आणि एक टोचणारी गोष्ट. वीस लाख म्हणणाऱ्याने ‘पुढे कोण घेईल’ विचारलं, तेच वाक्य मी आपल्याच एका क्लास वन अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकलं आहे. त्यांनी मनीष नगरला घर घेतलं आणि इंदोऱ्याच्या बाजूचं वडिलांचं घर ‘येईल त्या भावात’ काढलं. पोरांना मोकळ्या हवेत वाढवायचं हा त्यांचा हक्क आहे, मी तो नाकारत नाही. पण येईल त्या भावात काढलेलं ते घर सूची दोनमध्ये नोंदलं जातं आणि पुढच्या गुरुजींना दलाल तोच कागद दाखवतो. आपल्या घाईची किंमत शेजारी मोजतो.

आम्ही दलाल बदलला. वडशाला झाडीपट्टीच्या नाटकांची बुकिंग ऑफिसं आहेत. मंडईच्या हंगामात गावोगावची मंडळं येतात आणि एकाच कंपनीच्या ऑफिसात बसून सौदा करून निघून जात नाहीत. चार ठिकाणी चहा पितात, नट कोण आहे विचारतात, मग आकडा बोलतात. मामा स्वतः गावच्या मंडळाकडून वीस वर्षं हे करत आले. नागपूरच्या एसी ऑफिसात मात्र ते विसरले. दुसऱ्यांदा आम्ही तीन दलालांकडे गेलो, जुलैचा विषय काढला नाही, तीन व्यवहारांच्या प्रती टेबलावर ठेवल्या आणि मागणी साडेसत्तावीस सांगितली. एक टक्का दलाली, तीही नोंदणीच्या दिवशी. एकाने कागद पाहून सुस्कारा सोडला आणि म्हणाला, “पोट्टे आता घरूनच शिकून येतात.”

एप्रिलमध्ये एक नर्सबाई आल्या, मूळ गोंदियाकडच्या. बँकेचं कर्ज घेऊन घेणाऱ्या. कर्जवाला गिऱ्हाईक म्हणजे वेळ लागतो, बँकेचा व्हॅल्युअर येतो, मंजूर नकाशा मागतात, जुन्या कागदांची साखळी मागतात. पण पूर्ण रक्कम चेकने किंवा आरटीजीएसने येते आणि भावाला बँकेचा साक्षीदार मिळतो. व्हॅल्युअरचा आकडा चोवीस लाख ऐंशी हजार आला. त्या साडेतेवीसपासून सुरू झाल्या, आम्ही साडेसत्तावीसपासून. इसार पन्नास हजार, तोही चेकने. जूनमध्ये साडेपंचवीस लाखांना खरेदीखत झालं. पस्तीस नाही, एकोणीसही नाही. साडेसहा लाखांचा फरक म्हणजे मुलीचा परदेशातला जवळजवळ वर्षभराचा राहण्याचा खर्च.

कराचं तेवढं सांगून ठेवतो, कारण यात आपले लोक हमखास मार खातात. जुलै २०२४ मध्ये नियम बदलला. घर दोन वर्षांहून जास्त ठेवलं असेल तर नफ्यावर साडेबारा टक्के, महागाईची वजावट नाही. पण २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला भारतात राहणाऱ्या व्यक्तीसाठी जुना हिशेबही चालतो: खरेदीची किंमत महागाई निर्देशांकाने वाढवायची आणि उरलेल्या नफ्यावर वीस टक्के. जे कमी असेल ते भरायचं. मामांचे सहा लाख चाळीस हजार निर्देशांकाने बावीस लाखांच्या वर गेले. जुन्या हिशेबाने कर पासष्ट हजारांच्या आसपास, नव्याने सव्वादोन लाखांहून जास्त. पहिल्या सल्लागाराने नवीनच हिशेब करून दिला होता. मामांनी गणिताचे गुरुजी म्हणून पडताळा केला, तेव्हा कळलं. विकलेल्या रकमेच्या नफ्यातून ठरलेल्या मुदतीत दुसरं घर घेतलं किंवा बांधलं तर सूट मिळते, पण मामांना घर घ्यायचं नव्हतं, मुलीला शिकवायचं होतं, म्हणून त्यांनी कर भरला. घर घेणाऱ्याला सूट आहे, मुलगी शिकवणाऱ्याला नाही.

आपल्या समाजाचे वधू-वर सूचक मंडळाचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप गावोगाव आहेत. मुलाचा पगार, मुलीची उंची, सगळं त्यात फिरतं. मी वडशाला एक वही सुरू केली आहे. त्यात फक्त झालेले व्यवहार लिहितो: परिसर, इमारतीचं वय, चटई क्षेत्र, मजला, नोंदणीची तारीख, मोबदला आणि दलालाने आधी सांगितलेला आकडा. नावं लिहीत नाही. नागपूर, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, जिथला असेल तिथला तुमचा व्यवहार पाठवा. आतापर्यंत अकरा नोंदी जमल्या आहेत. त्यांपैकी आठ जणांना दलालाने पहिल्या भेटीत जो आकडा सांगितला, तो सूची दोनमधल्या शेजारच्या व्यवहारापेक्षा कमी होता. तिघांनी त्याच भावाला विकून टाकलं होतं.